हिकमत आणि नव्या उद्योगाचा आरंभ

१९१२ सालच्या उत्तरार्धात मुंबईस दादरच्या मुख्य रस्त्यावरील एका घरी काही मंडळी रोज सकाळी कामास जात असत. कोठे कामास आहात, असे शेजाऱ्यांनी किंवा आप्तेष्टांनी विचारले म्हणजे ती सांगत, ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात.’ या कारखान्यास ना धुराडे होते, ना भोंगा. आवारात रंगविलेले पडदे उभे केलेले असत. लुगडी नेसलेले पुरुष भर उन्हात त्या पडद्यांपुढे उभे राहत, आणि त्यांच्यासमोर एक गृहस्थ तिवईवर ठेवलेल्या पेटीचा दांडा फिरवीत असत. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आणि तेथे तयार होत होता तो ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट.

‘कारखाना’ हे उत्तर फाळके यांनीच आपल्या माणसांना पढविले होते. नाटकात तोंड रंगविणाऱ्याकडे समाज त्या काळी वाकड्या नजरेने पाहत असे. सिनेमाचे नाव काढले असते तर घरच्यांनी त्यांना दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडू दिले नसते. कारखान्यातील नोकरी मात्र अब्रूची. एक शब्द बदलला आणि मनुष्यबळाची अडचण निदान अर्धी तरी सुटली. त्यास एक पैही खर्च आला नाही. शिवाय हे उत्तर सर्वस्वी खोटे होते असेही म्हणता येत नाही. हिंदुस्थानात पुढे जो एक मोठा धंदा उभा राहिला, त्याचा तो खरोखरच पहिल्या कारखान्यांपैकी एक कारखाना होता.

अशा प्रकारच्या बुद्धीस मराठीत ‘हिकमत’ हा नेमका शब्द आहे. तो मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ ज्ञान, शहाणपण असा होतो, आणि हकीम हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. मराठीत येताना त्यास कसबाची व युक्तीची छटा आली. कधीकधी ‘हिकमती माणूस’ असे म्हणताना थोडा संशयही ध्वनित होतो. हल्ली ज्यांना ‘स्टार्टअप’ म्हणतात, त्या नवजात उद्योगांत द्रव्य गुंतविणारे लोक संस्थापकाच्या अंगी पैसा, पदवी किंवा ओळखीपाळखी यांपेक्षा हाच गुण अगोदर शोधतात, असे वारंवार ऐकू येते. परंतु हा गुण म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र बराच घोटाळा दिसतो. पुष्कळांची समजूत अशी की, हिकमत म्हणजे ऐनवेळी सुचणारी युक्ती, दोरी तुटली तर चिंधी बांधून गाडा पुढे ढकलणे. तसे असते तर प्रत्येक गल्लीत एक थोर कारखानदार सापडला असता. चिंधी बांधून वेळ निभावते. उद्योग उभा राहत नाही. फाळके यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कारण त्यांच्या हिकमतीचा उगम, तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही तिन्ही त्यात स्पष्ट दिसतात.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका संस्कृतज्ञ घराण्यात झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. या त्रेचाळीस वर्षांचा हिशेब व्यवहारी माणसाने मांडला तर तो बहुतांशी तोट्याचाच निघेल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, अंधाऱ्या खोलीत चित्रे धुणे व छापणे, हे सारे त्यांनी हस्तगत केले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला, तो प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गेल्यामुळे मोडला. बडोद्यास पुन्हा मांडला, तर छायाचित्र काढल्याने माणसाचे सत्त्व जाते या लोकभ्रमामुळे गिऱ्हाईक येईना. एका जर्मन जादूगारापासून ते हातचलाखी शिकले आणि आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोग करू लागले. नाटक मंडळ्यांचे पडदे त्यांनी रंगविले. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. मग लोणावळ्यास आणि नंतर मुंबईस ठसे व रंगीत छपाईचा छापखाना काढला, त्यासाठी १९०९ साली जर्मनीपर्यंत जाऊन आले. आणि छापखाना नावारूपास येतो न येतो तोच १९११ साली भागीदारांशी मतभेद होऊन रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

चाळिशी ओलांडलेला, धंदा गेलेला, पोराबाळांचा हा गृहस्थ त्या सुमारास गिरगावात एका तंबूत चालणारा सिनेमा पाहावयास गेला. तेथे येशू ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर सरकत असता त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या ही चित्रे उभी राहू लागली, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. आपल्या देवादिकांची चित्रे आपल्याच माणसांनी का काढू नयेत, हा विचार त्या क्षणी आणखी कोणा प्रेक्षकाच्या मनात आला असेल-नसेल. परंतु त्या प्रेक्षकास छायाचित्रण, फिल्म धुणे, पडदे रंगविणे, पात्रांस रंगविणे आणि दृष्टिभ्रम निर्माण करणे या पाचही कला एकाच वेळी येत असण्याचा संभव फारच थोडा. फाळके यांस त्या येत होत्या. मागे फसलेला प्रत्येक धंदा काहीतरी ठेवून गेला होता. हरिश्चंद्राच्या कथेत शेवटी देव प्रकट होतो; पौराणिक पटांत असे चमत्कार ठायी ठायी लागतात. ते दाखविताना ‘प्रोफेसर केल्फा’ उपयोगी पडले आणि चित्रे धुताना छापखान्यातील अंधारी खोली. लोक ज्यास ऐनवेळची युक्ती म्हणतात, ती पुष्कळदा वीस वर्षांची साठवण असते.

यानंतर त्यांनी काय केले, यापेक्षा ते कोणत्या क्रमाने केले, हे अधिक बोधक आहे. प्रथम त्यांनी भांडवल शोधले नाही. विलायतेहून पुस्तके व यंत्रांच्या किमतींच्या याद्या मागविल्या, एक लहानसा कॅमेरा व काही रिळे पैदा केली, आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून पाहिली. दिवसा तासन् तास सिनेमे पाहिले. या जागरणांनी दृष्टी इतकी गेली की काही काळ ते जवळजवळ अंध झाले. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. बऱ्यापैकी ज्ञान झाल्यावर मगच त्यांनी आपल्या बारा हजार रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले.

लंडनात त्यांची ओळखदेख कोणाशी नव्हती. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली, तेव्हा ते सरळ आत जाऊन संपादकास भेटले. संपादकाने प्रथम त्यांस परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा चालणार नाही असे त्याचे मत होते. परंतु समोरचा मनुष्य विषय जाणून बोलतो आहे, हे ध्यानात आल्यावर त्याने सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली, आणि हेपवर्थने आपल्या चित्रशाळेतील सर्व विभाग त्यांस मोकळेपणाने दाखविले. सिनेमा हा शब्दच नुकता ऐकलेला मनुष्य तेथे गेला असता तर पाहूनही त्यास काही दिसले नसते. फाळके यांस कोठे पाहावयाचे ते ठाऊक होते. म्हणून दोन आठवड्यांत ते दोन वर्षांचे शिकून आले.

त्यांनी खरेदी तरी काय केली? पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र. या शेवटच्या वस्तूविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्या वेळी कच्ची फिल्म कडांस छिद्रे न पाडताच मिळत असे. कॅमेऱ्यातील आकडे या छिद्रांत अडकून फिल्म एकेक चित्राइतकी पुढे ओढतात. छिद्र केसभर इकडेतिकडे झाले तरी पडद्यावर चित्र थरथरू लागते. काम अंधारात करावयाचे, कारण उजेडाचा किरण लागताच फिल्म वाया जाणार. हे कंटाळवाणे आणि नाजूक काम त्यांनी घरी आणले. जे विकत घेतल्यावाचून गत्यंतरच नव्हते तेवढ्यासाठीच रोकड मोजली. जे हातांनी होण्यासारखे होते ते हातांवर सोपविले. दिवेसुद्धा घेतले नाहीत. मुंबईचे ऊन फुकट होते.

१ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. आता चित्रपटास लागणारे भांडवल उभारावयाचे होते, आणि भांडवलदारास चित्रपट म्हणजे काय हेच समजत नव्हते. अशा ठिकाणी सामान्य मनुष्य आपल्या स्वप्नाचे वर्णन करू लागतो. फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. चालत्या चित्राचे मर्म एवढेच की, सेकंदास सोळाच्या आसपास स्थिर चित्रे डोळ्यांपुढून गेली म्हणजे मनास ती सलग हालचाल भासते. म्हणून मिनिटभराच्या खेळास साडेनऊशेच्या आसपास चित्रे पुरतात. ती मिनिटभरात घेतली काय किंवा महिनाभर घेतली काय, यंत्रास त्याचे सोयरसुतक नाही. ही चित्रे नेहमीच्या वेगाने पडद्यावर सोडली, तेव्हा मातीतून अंकुर वर आला, त्यास पाने फुटली आणि पाहता पाहता वेल उभा राहिला. ‘अंकुराची वाढ’ हा तो मिनिटभराचा पट. तो काही निवडक मंडळींस दाखविल्यावर कर्ज देण्यास यशवंतराव नाडकर्णी यांसारखे लोक पुढे आले. या प्रयोगास नट लागले नाहीत, पोशाख लागले नाहीत, पडदेही लागले नाहीत. लागले ते बी, माती, फिल्मचा एक तुकडा, आणि रोज न चुकता कॅमेऱ्याजवळ जाण्याचे धैर्य.

हिकमत आणि फसवेगिरी यांतील भेद येथे दिसतो. फसवेगिरी नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखविते; फाळके यांनी जे त्यांस खरोखर येत होते तेच लहान प्रमाणावर करून दाखविले.

पुढची अडचण पात्रांची. राजाच्या भूमिकेस दत्तात्रय दाबके हे नाटकातले नट मिळाले. वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचून येणारे बहुतेक लोक बिनकामाचे निघाले, तेव्हा ‘कुरूपांनी अर्ज करू नयेत’ अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागली. तारामतीच्या भूमिकेस मात्र कोणी स्त्री मिळेना. फाळके यांनी कलावंतिणींच्या वस्तीतही विचारपूस करून पाहिली; तेथेही नकारच मिळाला. अखेरीस ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा व निमुळत्या बोटांचा तरुण त्यांच्या नजरेस पडला. त्यास दरमहा दहा रुपये मिळत; फाळके यांनी पंधरा देऊ केले, आणि तारामती मिळाली. दुसऱ्या पुरुषपात्रांपुढे आणखी एक संकट उभे राहिले. बाप जिवंत असता मिशा काढणे त्या काळी अशुभ समजत, आणि मिशाळ दासी तर पडद्यावर आणता येत नव्हती. बरीच मनधरणी करावी लागली. रोहिदासाच्या भूमिकेस फाळके यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा राहिला.

या ठिकाणी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. पुरुषास लुगडे नेसवून फाळके यांनी प्रश्न सोडविला नाही. त्यास वळसा घातला. हे त्यांस स्वतःस पक्के ठाऊक होते. म्हणूनच १९१३ मध्येच काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्या पटासाठी त्यांनी पुन्हा शोध केला, आणि दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी त्यात स्त्रीभूमिका केल्या. पुष्कळ उद्योग बुडतात ते अडचणींमुळे नव्हे. पहिल्या वर्षी पत्करलेली तात्पुरती व्यवस्था पाचव्या वर्षी कायमची होऊन बसते, त्यामुळे बुडतात.

आता ज्या व्यक्तीचे नाव अशा कथांत शेवटी, कृतज्ञतेच्या एका वाक्यात घेण्याचा प्रघात आहे, तिच्याकडे वळणे प्राप्त आहे. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने या उद्योगासाठी दिले, हे बहुतेकांस माहीत असते. परंतु दागिने देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होऊन गेल्या. सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र चालविले. ती धुण्याची व छापण्याची रसायने हाताळली. दिवसा चित्रण होई, त्या वेळी त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक पाहत. आणि रात्री मंडळी निजल्यावर पतीच्या जोडीने अंधाऱ्या खोलीत काम करीत. फाळके यांच्या अल्प खर्चाचे कौतुक करताना हा खर्च कोणी भरला, हेही जमेस धरले पाहिजे. त्या काळच्या रोजकीर्दीत बाईमाणसाच्या श्रमास रकाना नव्हता, म्हणून तो पट स्वस्तात झाला असे दिसते. हिकमती संस्थापकाची चरित्रे लिहिणारे एकट्या पुरुषाचे चित्र रंगवितात. जवळ जाऊन पाहिले तर त्या पुरुषाच्या मागे बहुधा कोणीतरी अंधारात छिद्रे पाडीत बसलेले असते.

सहा महिने सत्तावीस दिवसांनी सुमारे ३,७०० फूट लांबीचा चार रिळांचा पट तयार झाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. मुंबईत तो चांगला चालला. मुंबईबाहेर मात्र निराळाच अनुभव आला. दोन आण्यांत नाटक पाहावयास मिळे आणि ते रात्रीचे कित्येक तास चाले. तीन आणे देऊन तासाभरात घरी कोण जाणार? चित्रगृहाच्या चालकाने दर कमी करण्याचा किंवा खेळ लांबविण्याचा सल्ला दिला. फाळके यांनी दोन्ही नाकारले आणि जाहिरात बदलली. फक्त तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहा, दोन मैल लांबीचे चित्र पाहा, अशा आशयाची ती जाहिरात होती. प्रेक्षक लोटले. शाळकरी मुलासही हा हिशेब ताडून पाहता येईल. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे ३,७०० फुटांत एकोणसाठ हजारांवर. तेव्हा सत्तावन्न हजारांचा आकडा अगदी प्रामाणिक आहे. दोन मैलांचे मात्र १०,५६० फूट होतात. एवढी लांबी त्या चार रिळांत कोठून आली, हे जाहिरात लिहिणाऱ्यासच ठाऊक. गणितात येथे गुण कापावे लागतील. परंतु त्यातील मूळ विचार बिनतोड होता. गिऱ्हाईक तासांनी मोजत होते. त्याच्या हाती मोजण्याचे दुसरे माप दिले.

याप्रमाणे १९१७ पर्यंत हा मनुष्य एकामागून एक पट काढीत गेला. मधल्या काळात पहिले महायुद्ध सुरू होऊन सावकारांनी हात आखडले, तरी ‘लंकादहन’ पडद्यावर आला आणि त्याने अलोट पैसा मिळविला. त्यानंतर १९१८ मध्ये धनिक भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. भांडवल आले, नाशिकला प्रशस्त चित्रशाळा आली. आणि येथूनच फाळके यांची उतरती कळा लागली, ही या कथेतील चमत्कारिक गोष्ट. भागीदार खर्चाचा तपशील मागू लागले, एका पटास इतके दिवस का लागतात असे विचारू लागले. वर्षा-दोन वर्षांत मतभेद विकोपास जाऊन फाळके काशीस निघून गेले. पुढे ते परत आले, पटही काढीत राहिले. पण पूर्वीची सत्ता पुन्हा हाती आली नाही. १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा बोलपट त्यांनी केला, तो अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला.

भागीदारांस खलपुरुष ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने हिशेब मागणे गैर नव्हे. खरे दुखणे निराळे होते. जो मनुष्य बी पेरण्यापासून जाहिरात लिहिण्यापर्यंत सर्व काही स्वतः करतो, त्यास आपण अमुक गोष्ट का करतो हे दुसऱ्यास समजावून सांगण्याची सवय राहत नाही. गरजच पडलेली नसते. संकटात हा स्वभाव तारतो, आणि समृद्धीत तोच माणसांस दूर लोटतो.

याच्या शेजारी त्याच पिढीतील दुसरा एक मनुष्य ठेवून पाहावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, म्हणजे फाळके यांच्या आदल्याच वर्षी. शिक्षणही प्रथम त्याच जे. जे. कलाशाळेत. त्यांस काही रंगांतील भेद ओळखता येत नसे, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ती नोकरी सोडून बंधू रामुअण्णा यांच्या जोडीने त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी त्यांची जागा काढून घेतली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड या लहानशा स्थानकाजवळ बत्तीस एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. फाळके यांनी पॉलिसी गहाण टाकून उभे केले तेही दहा हजारच, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. या माळावर निवडुंग आणि साप यांचेच राज्य होते. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली.

महायुद्धात परदेशी लोखंड येणे दुर्घट झाले. ओतशाळेची भट्टी लोखंडावाचून काय करणार? तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांकडून जुन्या, निरुपयोगी झालेल्या तोफा मिळवून त्या लक्ष्मणरावांनी भट्टीत घातल्या आणि त्यांचे नांगर ओतले. तोफेतही लोखंडच असते, हे सर्वांनाच माहीत. परंतु गडावरची तोफ पाहून तिचे किती फाळ होतील असा विचार करण्यास निराळी दृष्टी लागते, आणि ती तोफ मागण्याइतका विश्वास अगोदर मिळविलेला असावा लागतो. या विश्वासाचाच पुरवठा लक्ष्मणरावांजवळ मुबलक होता. वाडीच्या राखणीचे काम त्यांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस दिले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचविण्यासाठी पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले, आणि नांगरांच्या त्या बातमीपत्रातून पुढे महाराष्ट्राच्या घरोघरी वाचले जाणारे मासिक वाढले. ही दुसऱ्याची हिकमत होती. तीस लक्ष्मणरावांनी वाव दिला. फाळके साधनांच्या उणिवेवर स्वतःच्या हातांनी मात करीत. लक्ष्मणराव ती माणसे जोडून भरून काढीत. पहिला प्रकार आरंभी अधिक चमकतो. दुसऱ्यावर गावे वसतात.

तथापि फाळके यांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली, असे मात्र म्हणता येणार नाही. त्र्यंबक तेलंग या स्नेह्यास त्यांनी कॅमेरा चालविण्यास शिकविले होते, आणि चित्रणाच्या वेळी आजूबाजूस उभी असलेली मंडळीही पाहून पाहून शिकत होती. उपाहारगृहातून पंधरा रुपयांवर आलेल्या अण्णा साळुंके यांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले. पुढे लुगडे आणि मुकुट दोन्ही उतरवून ते कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि मूकपटांचा काळ सरेपर्यंत अनेक पटांचे चित्रण त्यांच्याच हातांनी झाले.